रसायनशास्त्र संस्थेचे विद्यार्थी सदस्यत्व: चार वर्षांचा अनुभव

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून मी रसायनशास्त्राच्या एका व्यावसायिक संस्थेचे विद्यार्थी सदस्यत्व घेतले आणि तेव्हापासून दरवर्षी त्याचे नूतनीकरण करत आले आहे. माहितीपत्रकात नियतकालिकांवरील सवलत, परिषदांचे कमी शुल्क आणि नोकरीविषयक मार्गदर्शन यांनाच मान दिलेला असतो. मला मात्र या सदस्यत्वाचे खरे मोल वाटते ते हरित रसायनशास्त्राच्या, म्हणजे टाकाऊ आणि घातक पदार्थ कमीत कमी ठेवणाऱ्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थी गटामुळे, ज्याचा त्या पत्रकात जेमतेम एका ओळीत उल्लेख आहे.

गटात येण्यापूर्वी शाश्वत संशोधन मला पुस्तकातूनच ठाऊक होते. पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेली हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे पाठ होती, बॅरी ट्रॉस्ट यांची १९९१ मधील ‘ॲटम इकॉनॉमी’ची, म्हणजे कच्च्या मालातील जास्तीत जास्त अणू उत्पादनात उतरावेत ही कल्पना परीक्षेत लिहून झाली होती. पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने आपल्या एका अभिक्रियेचा ई-फॅक्टर काढून आणायचा होता. एक किलो उत्पादनामागे किती किलो टाकाऊ पदार्थ निर्माण होतात हे सांगणारे हे माप रॉजर शेल्डन यांनी रूढ केले. माझ्या अभिक्रियेचे यील्ड, म्हणजे अपेक्षेच्या तुलनेत हाती आलेले उत्पादन, उत्तम होते, त्यामुळे मी निश्चिंत होते. पण दोन ग्रॅम पदार्थ शुद्ध करण्यासाठी कॉलममधून, म्हणजे पदार्थ वेगळे करणाऱ्या सिलिका भरलेल्या नळीतून, हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट या द्रावकांचे एक लिटर मिश्रण गेले होते, त्याचे वजन सुमारे सातशे ग्रॅम भरले आणि एकट्या कॉलमपायी ई-फॅक्टर साडेतीनशेच्या घरात पोहोचला. औषधनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या एकूण वस्तुमानात द्रावकांचाच वाटा निम्म्याहून अधिक असतो, हे वाक्य मी त्याआधी कितीतरी वेळा वाचले होते. त्या दिवशी ते माझ्या स्वतःच्या वहीत आकड्यांत उतरले. पुढे तो पदार्थ इथेनॉलमधून स्फटिकरूपात मिळवता आला आणि त्या टप्प्यापुरता कॉलम सुटला.

सुरक्षितता, आरोग्य आणि पर्यावरण या तिन्ही कसोट्यांवर द्रावकांची तुलना करणारे तक्ते कसे वाचायचे, हेही मी गटातच शिकले. त्यांच्या आधारे निष्कर्षणासाठी, म्हणजे पाण्यातील पदार्थ द्रावकात ओढून घेण्यासाठी, डायक्लोरोमिथेनऐवजी २-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान हे द्रावक वापरून पाहिले. मक्याची दाणे काढलेली कणसे किंवा उसाचे चिपाड यांपासून मिळणाऱ्या फर्फ्युरालपासून ते तयार करता येते. द्रवांचे थर वेगळे करणाऱ्या सेपरेटिंग फनेलमध्ये हाताची सवयच बदलावी लागते, कारण डायक्लोरोमिथेन तळाशी बसते, तर हे पाण्यावर तरंगते, म्हणून आधी पाणी सोडायचे आणि आपल्याला पाहिजे तो थर फनेलमध्येच राहू द्यायचा. या द्रावकाच्या अडचणीही गटातील ज्येष्ठांनी लपवल्या नाहीत. ते ८० अंश सेल्सिअसला उकळते, तर डायक्लोरोमिथेन ४० अंशांना, त्यामुळे द्रावक उडवून लावणाऱ्या रोटाव्हॅप या उपकरणावर वेळ आणि ऊर्जा दोन्ही जास्त लागतात. शिवाय साठवणीत त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकतात, म्हणून ऊर्ध्वपातनापूर्वी चाचणीपट्टी लावून पाहणे अनिवार्य आहे. एखाद्या द्रावकावर ‘हरित’ अशी मोहोर उमटवून मोकळे न होता त्याचा पूर्ण हिशेब मांडायचा, ही शिस्त मला प्रबंधापेक्षाही अधिक उपयोगी वाटते.

बाकीच्या सेवांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. नियतकालिके बहुतेकांना विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळतातच. परिषदेच्या प्रवासासाठीचे अर्थसाहाय्य मला एकदा मिळाले, पण मंजुरीचे पत्र इतक्या उशिरा आले की तोवर खर्च स्वतःच करावा लागला. मार्गदर्शक जोडून देण्याच्या योजनेत माझी गाठ घातली गेली ती विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातील एका गृहस्थांशी. ते अत्यंत सौजन्यशील होते, परंतु संश्लेषणातील माझ्या प्रश्नांना त्यांच्याकडे उत्तरे नव्हती. सर्वांत जास्त खटकते ते हे, की गटाचे सारे काम विद्यार्थी करतात आणि संस्थेच्या समित्यांमध्ये मात्र विद्यार्थी सदस्यांना मताचा अधिकार नाही. हा नियम बदलायला हवा, असे मी लेखी कळवले आहे.

केवळ सवलतींसाठी सदस्यत्व घेणाऱ्याची निराशा होईल. महिन्याकाठी एक संध्याकाळ आणि आपली प्रयोगवही इतरांपुढे उघडण्याची तयारी असेल, तर पहिल्याच वर्षी जरूर घ्यावे. प्रबंधाच्या अखेरीस पद्धती बदलायला वेळ उरत नाही. यंदा गटाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. नव्या सदस्यांना मी पहिल्या बैठकीसाठी एकच निरोप धाडला आहे: एक अभिक्रिया निवडा आणि कॉलमसकट सगळ्याचे वजन मांडून या.