जुनी बीएमडब्ल्यू एम5 एफ10: कोल्हापुरात सांभाळायची तर पैसा कुठे जातो

2011 ते 2016 या काळात बनलेली एफ10 पिढीची एम5 नवी असताना कोटीच्या घरातली गाडी होती. आता जुन्या बाजारात ती त्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळते आणि बघणाऱ्याचा जीव लगेच अडकतो. 4395 सीसीचं व्ही8 इंजिन, दोन टर्बो, 560 अश्वशक्ती, 680 न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरचा ड्युअल क्लच, आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. साध्या 5 सिरीजला इलेक्ट्रिक स्टिअरिंग आलं, तरी एम5 ला हायड्रॉलिकच ठेवलं होतं. पन्हाळ्याच्या वळणांवर त्याचा फरक हाताला कळतो. चालवायला गाडी आजही अव्वल आहे. पण किंमत उतरली ती गाडीची. सुटे भाग अजून कोटीच्या गाडीचेच आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेवढाच काय तो दिलासा.

या इंजिनाचे बहुतेक आजार एकाच कारणातून येतात, ते म्हणजे उष्णता. नेहमीच्या व्ही इंजिनात एक्झॉस्ट बाहेरच्या बाजूला असतो. इथे तो दोन्ही रांगांच्या मधल्या खोबणीत आहे आणि टर्बोही तिथेच बसवलेत. वाट जवळची असल्यामुळे टर्बो पटकन भरतात, पिकअप झटकन मिळतो. पण सगळी भट्टी इंजिनाच्या डोक्यावर पेटते, आणि आजूबाजूच्या रबरी नळ्या, ओ-रिंगा (जोडातल्या रबरी कड्या), प्लास्टिकचे जोड, वायरिंगची आवरणं वर्षानुवर्षं भाजत राहतात. टर्बोकडे जाणाऱ्या कूलंटच्या पाइपाची जुनी ओ-रिंग काढून पाहावी. गोल असायला हवी ती दोन्ही बाजूंनी चपटी झालेली असते आणि बोटात धरून वाकवली की शेवेसारखी तुटते. किलोमीटर किती झाले याला इथे फारसा अर्थ नाही. 40 हजार चाललेली पण दहा वर्षांची गाडीसुद्धा याच अवस्थेत असू शकते.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. सिग्नलला उभं असताना एसीतून करपलेल्या ऑइलचा वास आला, तर व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट पाझरून ऑइल गरम भागावर पडतंय. गोडसर वास असेल तर कूलंट. टाकीतली पातळी दर महिन्याला थोडी थोडी उतरते आणि खाली जमिनीवर मात्र थेंब दिसत नाही, कारण कूलंट वरच्या वर वाफ होऊन जातं. गळतीचं हे काम करायचं तर एकदाच करावं. त्या खोबणीपर्यंत पोचायलाच दीड-दोन दिवस जातात. म्हणून गास्केटं, कूलंटच्या नळ्या, टर्बोच्या ऑइल लाइनच्या सीली, क्रँककेसच्या हवेच्या नळ्या सगळं एकाच वेळी बदलून घ्यावं. एकूण दीड ते अडीच लाख धरून चालावं. एकेक नळी बदलत बसलं तर मजुरीच दुप्पट होते.

इंजिन बंद केल्यावरही पंखा आणि इलेक्ट्रिक पंप काही वेळ चालू राहतात, तो बिघाड नाही. टर्बोमधलं ऑइल जागेवर जळू नये म्हणून केलेली ती सोय आहे. तरी आंबा घाट चढून आल्यावर किंवा हायवेवर जोरात चालवल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवून मगच गाडी बंद करावी.

खरी धास्ती दोन गोष्टींची. पहिली इंजेक्टरची. आठही इंजेक्टर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. एखादा बिघडून गळायला लागला की जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, उतरतं. ऑइल पातळ होतं, भिंतीवर चरे पडतात, आणि दुरुस्ती इंजेक्टरपुरती उरत नाही, इंजिन खोलावं लागतं. सकाळी थंड गाडी चालू केली की काही सेकंद मिसिंग, स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त फिरणं, ऑइलला पेट्रोलचा वास, न भरताच वाढलेली ऑइलची पातळी, यातलं काहीही दिसलं तर गाडी फिरवू नये, थेट बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरला लावावी. शक्यतो आठही एकत्र बदलावेत. बसवताना टेफ्लॉनच्या सीली नव्याच हव्यात. जुन्या सीलवर बसवलेला इंजेक्टर काही दिवसांत पुन्हा फुसफुसतो. आयात इंजेक्टर, सीली, पाइप आणि मजुरी मिळून तीन ते साडेचार लाखांची तयारी लागते.

दुसरी धास्ती कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची. हा रॉड पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याशी जोडतो, आणि मधलं बेअरिंग दोन अर्धगोल शेलचं असतं. सिलिंडर आठ, म्हणजे शेल सोळा आणि बोल्टही सोळा. थंड इंजिन लगेच ताणणं, पातळ झालेलं ऑइल आणि लांबवलेली सर्व्हिस, या तिन्हींनी शेलचा थर झिजतो. इंजिनातून ठक-ठक ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो, क्रँकला मार बसलेला असतो. त्याआधीच कळायचं तर प्रत्येक सर्व्हिसला जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडून पाहावा. तांबूस किंवा चंदेरी चमक दिसली की काम काढावं. हे काम खालून होतं: इंजिन वरून टांगून धरायचं, पुढची सबफ्रेम (इंजिनाखालचा सांगाडा) उतरवायची, चेंबर काढायचं, मग एकेक रॉडची टोपी. बोल्ट ताणून बसणारे असतात, त्यामुळे जुने परत वापरायचे नाहीत. टॉर्क रेंचनंतर कोनमापकाने ठरलेले अंश फिरवूनच कसायचे. वेळेवर केलं तर दोन ते तीन लाखांत भागतं. क्रँक खराब झाल्यावर मात्र इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

म्हणून ऑइलवर काटकसर करू नये. साडेआठ लिटर लागतं, आणि ते बीएमडब्ल्यूची मान्यता असलेलंच हवं. गाडीचा कॉम्प्युटर सांगेल तोवर थांबू नये. 7 ते 8 हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदलावं. फिल्टरसह 15 ते 20 हजारांत होतं. या इंजिनाला डिपस्टिक नाही, पातळी स्क्रीनवरच पाहावी लागते, तीही इंजिन तापल्यावर.

2012 मध्ये बनलेली गाडी असेल तर चासी नंबर टाकून ऑइल पंपाच्या रिकॉलचं काम झालंय का ते आधी विचारावं. पंपाचा दांडा सुटण्याच्या शक्यतेमुळे त्या वर्षीच्या काही एम5 आणि एम6 परत बोलावल्या होत्या.

आता आपल्याकडच्या गोष्टी. गळीत हंगामात शिरोळ, हातकणंगले, कागल कुठेही जा, उसाच्या ट्रॉल्यांमागून चालावं लागतं. पाचटाचा भुगा आणि धूळ पुढच्या जाळीतून आत शिरते. या गाडीला मुख्य रेडिएटरशिवाय टर्बोच्या हवेसाठी, ऑइलसाठी आणि गिअरबॉक्ससाठी वेगळे कूलर आहेत. त्यांच्या पापुद्र्यांत भुगा दाटला की उन्हाळ्यात तापमान चढतं आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढचा बंपर उतरवून आतल्या बाजूने बाहेर असं हलक्या धारेने धुवावं. वॉशिंग सेंटरच्या जोरदार प्रेशरने पापुद्रे आडवे होतात.

पेट्रोलचंही बघायला हवं. आपल्याच कारखान्यांचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत येतं, आणि ही गाडी दहा टक्क्यांच्या हिशेबाने बनलेली. किमान 95 ऑक्टेनचं भरावं आणि महिनोन्महिने टाकी भरून गाडी उभी ठेवू नये.

गिअरबॉक्स दणकट आहे. त्याचं ऑइल 60 हजारांच्या आसपास बदलावं, 50 ते 70 हजार रुपये. महाद्वार रोडच्या गर्दीत किंवा चढावर ब्रेक सोडून नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नये, क्लच तापतात. पुढच्या आर्मचे बुश खड्ड्यांत लवकर जातात, ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं. हे काम 50-60 हजारांत होतं. टायर 19 इंची चाकांवर पुढे 265/40, मागे 295/35. रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं चालणारे, नाहीत आणि स्टेपनीही नाही, तेव्हा पंप आणि पंक्चर किट डिकीत असायलाच हवं. पुढच्या डिस्क 400 मिलिमीटरच्या, भोकांच्या आणि दोन भागांत जोडलेल्या. त्या लेथवर घासायच्या नाहीत, किमान जाडीच्या खाली गेल्या की बदलायच्या.

उद्यमनगरातल्या कारागिरांकडून काय करून घ्यावं आणि काय नाही, हे नीट ठरवावं. वाकलेली अॅलॉय सरळ करणं, तुटलेला ब्रॅकेट, झिजलेला स्टड, अॅल्युमिनियमचं वेल्डिंग, अडकलेला बोल्ट काढणं, यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, आणि पैसेही वाजवी. पण बेअरिंगचा क्लिअरन्स (मधली बारीक फट) आणि इंजेक्टरचं काम ज्याने हेच इंजिन आधी उघडलंय त्याच्याकडेच न्यावं, मग त्यासाठी गाडी पुण्याला न्यावी लागली तरी चालेल. फ्लॅटबेडवर न्यावी, ओढून नाही. बॅटरी डिकीत असते, एजीएम प्रकारची; बदलल्यावर स्कॅनरने गाडीला कळवावी लागते, नाहीतर नवी बॅटरीही लवकर बसते.

वर्षाकाठी तीन लाख बाजूला ठेवता येणार नसतील तर ही गाडी घेऊ नये. ठेवता येत असतील आणि ऑइलच्या पावत्या जागेवर असतील, तर या पैशांत इतकी जिवंत गाडी दुसरी मिळत नाही.

इसार देण्याआधी थंड इंजिन स्वतःसमोर चालू करायला लावावं, बॉनेट आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावं. बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून आठही सिलिंडर बघावेत. आणि पुराची खात्री करावी. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते आपल्याला सांगायला नको. तशी भिजलेली गाडी चकाचक करून लांबच्या पासिंगवरही विकली जाते. डिकीतला गालिचा उचलून बॅटरीच्या खालचा कोपरा पाहावा, सीटच्या रुळांवरचे बोल्ट पाहावेत, गालिच्याखालच्या वायरिंगच्या जोडांत बोट फिरवावं. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. एरवी आत गुंडाळलेल्या त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली, तर किंमत न विचारता तिथूनच परत फिरावं.