गाण्याच्या कार्यक्रमांना इयरप्लग : गणपती ते रंगपंचमी वापरून झालेलं मत

आधी निकाल सांगून टाकतो. स्पीकर लावून होणाऱ्या कार्यक्रमांना अधूनमधून जरी जात असाल, तरी फिल्टरवाले इयरप्लग, म्हणजे आवाज पूर्ण न बुजवता साधारण सारखा कमी करणारे, घ्या. बैठकीचं गाणं ऐकायला निघाला असाल तर ते खिशातच राहू द्या. आणि डीजेसमोर नाचायचं असेल तर हे पुरत नाहीत, मेडिकलमध्ये मिळणारे साधे फोमचे जास्त कामाचे.

आमच्या इंदुरात गाण्याला तोटा नाही. किशोर-रफीच्या संध्याकाळी, ट्रॅकवर गाणारे हौशी गट, कॅफेतले बँड, दिवाळी पहाट, शिवाय शास्त्रीय बैठका. मी यातल्या सगळ्याला जातो, बायको म्हणते तसं ‘बोलावणं नसलं तरी’. गेल्या काही वर्षांत एक मात्र झालं : हॉल तेवढेच राहिले आणि स्पीकर वाढले. कार्यक्रमाहून घरी येऊन आडवं झालं की कानात बारीक शिट्टी वाजत राहायची, सकाळी पोहे खाईपर्यंत. ती शिट्टी म्हणजे आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी दमल्याची खूण. त्या मेल्या तर माणसाला पुन्हा उगवत नाहीत.

हिशोब असा आहे. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत चालतो असं कामाच्या ठिकाणांसाठी धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. विजयनगरकडच्या एका छोट्या कॅफेत बँड सुरू असताना मोबाईलवरचं ॲप शंभराच्या आसपास घुटमळत होतं. मोबाईलचा माइक काही प्रयोगशाळेतला नसतो, पाच-सहा डेसिबल इकडेतिकडे धरा. तरी दोन तासांचा कार्यक्रम कुठल्याच हिशोबात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी मानक काढलं, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय. आपल्याकडचे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम मुख्यतः शेजाऱ्यांच्या झोपेची काळजी करतात. रात्री दहानंतर भोंगा बंद वगैरे. तिकीट काढून आत बसलेल्याच्या कानाची काळजी त्यानेच घ्यायची.

मी घेतलेली जोडी सिलिकॉनची आहे. टोकाला एकावर एक तीन चकत्या, आत काढता-घालता येणारा बारीक फिल्टर, किल्ल्यांना अडकवायची धातूची डबी. किंमत अठराशेच्या घरात, पाकिटावर आकडा १८ डेसिबलचा. प्रत्यक्षात कानात नीट बसले नाहीत तर त्याच्या निम्मेही कमी होत नाहीत, म्हणून बसवायची पद्धत आधी शिका : दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर-मागे ओढायची आणि मग प्लग फिरवत आत. बाहेरचा आवाज एकदम एक पायरी खाली उतरला की बसला समजा. माझा डावा कान उजव्यापेक्षा अरुंद निघाला. सोबत दोन मापं आली होती म्हणून निभावलं. एकच माप देणारी कंपनी असेल तर घेऊ नका.

आता मुख्य प्रश्न, फोमचे वीस-तीस रुपयांत मिळत असताना हे कशाला? कानाच्या नळीतच साधारण २,५०० ते ३,००० हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज वाढवायची सोय असते. नळी बुजली की ती सोय जाते, आणि त्यात फोम खर्जापेक्षा तार, म्हणजे बारीक-उंच, आवाज जास्त खातो. मग गाणाऱ्याचे ‘स’, ‘श’, ‘च’ हरवतात, झांजा लागल्या की नाही ते कळत नाही, आणि ढोलकीची थाप तेवढी उरते. फिल्टर ही गेलेली वाढ भरून काढतो, त्यामुळे आवाज सगळीकडून साधारण सारखा कमी होतो. कल्पना नवी नाही. १९८८ मध्ये ईआर-१५ नावाचा असा फिल्टर वादकांसाठी आला, तो कानाचा साचा काढून बनवलेल्या प्लगमध्ये बसवायचा. आपल्याला मिळतात ती त्याची स्वस्तातली भावंडं.

त्या कॅफेत पहिल्यांदा लावले तेव्हा खरा फरक कळला. प्लग नसताना गिटार, ड्रम आणि गायक यांचा एकच गोळा कानावर आदळत होता. लावल्यावर बास गिटार वेगळी ऐकू आली आणि तो पोरगा ती बरी वाजवतो हेही कळलं! शेजारच्या मित्राचं बोलणंसुद्धा जास्त स्पष्ट झालं. फक्त तो सारखा ‘जोरात बोल ना यार’ म्हणत राहिला, कारण आपला आवाज आपल्याच डोक्यात घुमतो आणि आपण नकळत हळू बोलतो. मध्यंतरात प्लग काढून खा. कचोरीचा कुरकुरीत तुकडा प्लग लावून चावला तर खाणीत सुरुंग लावल्यासारखं वाटतं.

दिवाळी पहाटेला मावशीने पाहिलंच.

“काय रे, तुला एवढ्यातच कमी ऐकू यायला लागलं?”

“जास्त ऐकू येऊ नये म्हणून लावलेत, मावशी.”

“मग घरीच झोपायचं ना!”

रंग पारदर्शक किंवा त्वचेसारखा घ्या. पांढरे लांबून श्रवणयंत्र वाटतात आणि ओळखीचे लोक मोठ्याने बोलायला लागतात, म्हणजे घेतल्याचा उपयोगच संपला.

बैठकीत मात्र हे चालत नाहीत. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आधीच कमी ऐकू येतो. त्यातून आणखी १८ डेसिबल काढले की तानपुऱ्याचा खर्ज जातो आणि जवारीचा, म्हणजे तारा घोडीवर घासून उमटणारा, वरवरचा झंकार तेवढा राहतो. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँच्या गावात झूमरा तालातला विलंबित (संथ) ख्याल मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरत असताना कान बुजवून बसणं हा मला तरी गुन्हा वाटतो. दुसरी अडचण दाद देण्याची. ‘वा’ म्हटलं की ते कवटीतच घुमतं, आणि आपण किती मोठ्याने म्हणालो याचा अंदाज राहत नाही. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिलं, त्यावरून माझी एक ‘वा’ मोठी झाली असावी. हल्ली शास्त्रीय कार्यक्रमांतही तबल्याचा माइक इतका चढवतात की प्लगची आठवण येते. तिथे मी जागा बदलतो. मिक्सरवाला बसतो त्याच्या आसपास बसावं. तो स्वतः जे ऐकतो त्यावर आवाज लावतो, त्यामुळे तिथे सगळ्यात सुसह्य असतं. स्पीकरच्या तोंडासमोरची ‘पुढची चांगली जागा’ भिडस्त पाहुण्यांना द्यावी.

अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे गिरण्यांच्या नावाने निघणारे सजवलेले चित्ररथ, बघायला गेलो होतो. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, पण हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी ही नावं झांक्यांवर अजून निघतात, आणि सोबत आखाडे, बँड, ताशे. ताशाची तडतड प्लगने छान मोडते. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्याजवळ डीजेच्या गाड्यांनी मात्र हात टेकायला लावले. तिथे १०८ असेल तर १८ वजा जाऊन ९० उरतात, म्हणजे जेमतेम अडीच तास, तेही प्लग पूर्ण बसले असतील तर. शिवाय खालचा धडधडाट छातीतही जाणवत राहतो, तो कानातल्या प्लगने जात नाही. गुलालाचं पाणी फिल्टरच्या भोकात गेलं ते वेगळंच. फिल्टर काढून सिलिकॉन कोमट साबणाच्या पाण्यात धुतलं, पण गुलाबी छटा काही गेली नाही.

टिकाऊपणा ठीक आहे. बाहेरची चकती थोडी सैल पडलीय, तासाभराने कान खाजतो, मळ असेल तर प्लग तो आत ढकलतो म्हणून आधी कान दाखवून घेतलेले बरे. सुटी टोकं वेगळी मिळतात का ते घेण्याआधी बघा, मला ती शोधायला वेळ लागला. भाची यंदा ढोल-ताशा पथकात जाणार आहे. तिला मी फोमचे आणून दिलेत, सरावाला ताशाच्या रांगेपासून लांब उभी राहा असंही सांगितलंय. ती म्हणते, मामा, रांग पथकातल्या ताई ठरवतात.