हाफनियम की स्टेनलेस स्टील?

फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये दोघांची गाठ पडते. प्लाझ्मा कटरच्या तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याहून लहान ठिपका असतो, तो हाफनियम या धातूचा. खाली कापला जातो तो ३०४चा, म्हणजे नेहमीच्या स्टेनलेस स्टीलचा पत्रा. पत्रा १४०० ते १४५० अंश सेल्सिअसला वितळतो, हाफनियम २२३३ला. तरी ठिपका झिजतो, मधोमध खड्डा पडतो आणि इलेक्ट्रोड बदलावा लागतो.

घनता हाफनियमची घन सेंटीमीटरला १३.३ ग्रॅम, स्टीलची ८च्या आसपास. तापल्यावर मात्र ते स्टीलच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावतं. खाऱ्या पाण्यात ३०४ला बारीक छिद्रं पडतात, हाफनियम शांत असतं. न्यूट्रॉन शोषण्यात तर तुलनाच नको. म्हणूनच ते अणुभट्टीच्या नियंत्रण-कांड्यांत जातं.

पातेल्याला अर्थात स्टीलच. हाफनियमचा भाव ऐकूनच दूध उतू जाईल!