टोरांटो की मॉन्ट्रियल? ओहिपच्या खर्चाने व्हजायनोप्लास्टी करून घेणाऱ्यांसाठी

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ट्रान्स व्यक्तीने व्हजायनोप्लास्टी, म्हणजे योनिरचनेची शस्त्रक्रिया, सरकारी खर्चाने करायचं ठरवलं की पुढचा प्रश्न येतो: टोरांटोचं विमेन्स कॉलेज हॉस्पिटल की मॉन्ट्रियलचं जीआरएस? शस्त्रक्रियेचे पैसे दोन्हीकडे ओहिप, म्हणजे प्रांताचा सरकारी आरोग्य विमा, भरतं. म्हणून बहुतेक जण एवढंच विचारतात की नंबर कुठे लवकर लागेल. प्रश्न रास्त आहे, पण वेटिंग लिस्ट सतत बदलते. कुणाचा तरी गेल्या वर्षीचा आकडा धरून बसू नका, दोन्ही ऑफिसांना एकाच आठवड्यात फोन करा. आमच्या मते खरी निवड मात्र दुसऱ्याच प्रश्नावर होते: शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने तुम्ही कुठे आणि कुणाच्या आधाराने काढणार?

आधी मंजुरी, मग तारीख

ऑन्टारिओने १९९८ साली या शस्त्रक्रियांचा खर्च बंद केला आणि २००८ साली पुन्हा सुरू केला. पण तेव्हा मूल्यांकन, म्हणजे शस्त्रक्रियेसाठीची पात्रता तपासणं, फक्त टोरांटोच्या कॅमएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेतच होई, आणि लोक तिथेच अडकून पडत. १ मार्च २०१६ पासून हा नियम सैल झाला. आता तुमचा फॅमिली डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरही (डॉक्टरसारखे काही अधिकार असलेली नर्स), अनुभव असेल तर, मूल्यांकन करू शकतो. ज्याला अनुभव नाही त्याला टोरांटोच्या शेर्बोर्न हेल्थ या आरोग्यकेंद्राच्या ‘रेनबो हेल्थ ऑन्टारिओ’ या उपक्रमाचं प्रशिक्षण घेता येतं. हे त्याला सांगायला संकोच करू नका. कित्येक डॉक्टरांना ते माहीतच नसतं.

जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेला दोन मूल्यांकनं लागतात. त्यातलं एक डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरचंच हवं. दुसरं सायकॉलॉजिस्ट, नर्स किंवा मास्टर्स झालेल्या नोंदणीकृत सोशल वर्करचं चालतं. सलग १२ महिने हॉर्मोन (वैद्यकीय कारणाने ते घेता येत नसतील तर सूट) आणि सलग १२ महिने आपल्या लिंगभावानुसार जगणं, या दोन अटी आहेत. अर्ज तुम्ही नाही, डॉक्टर पाठवतो, आणि आरोग्य मंत्रालयाची मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी यावी लागते. आधी करून मागून बिल लावलं तर पैसे मिळत नाहीत.

कागद परत येतात ते क्षुल्लक वाटणाऱ्या चुकांमुळे. हॉर्मोन ‘साधारण वर्षभर’ असं लिहिलेलं असतं, सुरू केल्याची तारीख नसते. दोन मूल्यांकनांत दोन नावं पडतात, एकात रोजचं आणि दुसऱ्यात हेल्थ कार्डावरचं. दोघं सोशल वर्करच निघतात. किंवा शस्त्रक्रियेच्या यादीतला योग्य चौकोनच खुणावलेला नसतो. अर्ज जाण्याआधी डॉक्टरच्या ऑफिसात बसून तो एकदा स्वतः वाचा, प्रत मागून घ्या आणि घरी जपून ठेवा.

दोन ठिकाणं

विमेन्स कॉलेज हे सार्वजनिक हॉस्पिटल आहे. तिथे २०१९ पासून व्हजायनोप्लास्टी होते. शस्त्रक्रियेआधीच्या भेटी, सर्जन, नर्स आणि नंतरची तपासणी सगळं एकाच टीमकडे असतं. मिसिसागा किंवा स्कारबरोत राहणाऱ्याला दहाव्या दिवशी टाका उसवल्यासारखा वाटला तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्याच टीमपर्यंत पोचता येतं. हॉस्पिटलातून मात्र काही दिवसांत घरी सोडतात. पुढची शुश्रूषा घरच्यांनीच करायची.

जीआरएस हे खाजगी केंद्र आहे. हे काम तिथे फार वर्षं आणि फार मोठ्या संख्येने होत आलं आहे. त्याची जमेची बाजू म्हणजे आस्क्लेपिआड हे विश्रांतीगृह. हॉस्पिटलातून थेट तिथे जायचं, नर्स रात्रंदिवस हजर, आणि आजूबाजूला त्याच अवस्थेतली माणसं. घरी सांभाळणारं कुणी नसेल तर हे फार मोलाचं आहे. उणी बाजू अंतराची. टोरांटोपासून मॉन्ट्रियल साधारण ५४० किलोमीटर. परतीचा प्रवास तुम्ही ताज्या जखमेवर करता, आणि त्यानंतर काही बिघडलं तर भार तुमच्या फॅमिली डॉक्टरवर येतो. दाणेदार मांस वाढणं, म्हणजे ग्रॅन्युलेशन, ही नेहमीची तक्रार. सिल्व्हर नायट्रेट लावून ती आवरते, पण लावणारा जवळ हवा. मॉन्ट्रियलला जाणार असाल तर निघण्याआधीच डॉक्टरला विचारा, ‘हे तुम्ही कराल का?’ उत्तर नकाराचं आलं तर करणारं कम्युनिटी हेल्थ सेंटर तेव्हाच शोधा.

कुठेही केलं तरी डायलेटर, म्हणजे नवी पोकळी आक्रसू नये म्हणून आत घालून ठेवायच्या नळ्या, चुकत नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी अर्धा तास तरी. कडी लागणारी खोली हवी, पाण्यात विरघळणारं जेल, जुने स्वच्छ टॉवेल आणि जवळच बाथरूम. ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये चौघांत एक बाथरूम असेल तर घराची सोय आधी लावा, तारीख मग घ्या. डायलेटर टाळले की पोकळी आक्रसते, आणि ती पूर्ववत करायला पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. हे जमणारच नसेल किंवा त्याची गरजच वाटत नसेल, तर पोकळी न करता बाह्यरचना करून घेण्याचा पर्यायही आहे. त्यात डायलेटर लागत नाहीत. सर्जनला तो नीट विचारा.

ओहिप काय देत नाही

योनी ज्या त्वचेतून घडवतात तिच्यावरचे केस आधी काढावे लागतात; तो खर्च तुमचा. सर्जनच्या पद्धतीनुसार कुठले केस काढायचे ते बदलतं, म्हणून सर्जनच्या ऑफिसातून आधी आकृती मागवा. इलेक्ट्रोलिसिसला, म्हणजे विजेने एकेक केस मुळापासून काढायला, वर्षभर किंवा जास्तही लागतं, कारण केस टप्प्याटप्प्याने उगवतात. मंजुरीची वाट बघत हात बांधून बसण्यापेक्षा हे काम समांतर चालू ठेवा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लेझर घ्यायचं तर एनडी-याग, १०६४ नॅनोमीटरचं मशीन आहे का, हे विचारूनच बसा. चुकीच्या मशीनने भाजतं आणि काळे डाग राहतात. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही.

निकोटीन पूर्ण बंद, पॅचसुद्धा. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर कित्येक आठवडे. रक्तवाहिन्या आवळल्या तर त्वचा जगत नाही.

मॉन्ट्रियलचा प्रवासखर्च ओहिप भरत नाही. कर भरताना वैद्यकीय खर्चात ४० किलोमीटरच्या पुढचा प्रवास आणि ८० च्या पुढचं राहणं-जेवण दाखवता येतं, पण अट अशी की तशीच सेवा घराजवळ उपलब्ध नसावी. टोरांटोत राहणाऱ्याला इथेच अडचण येऊ शकते, म्हणून मॉन्ट्रियल का निवडलं ते डॉक्टरकडून लेखी घ्या. कामावरून सुट्टीसाठी ईआयचा, म्हणजे केंद्राच्या रोजगार विम्याचा, आजारपणाचा भत्ता आहे: जास्तीत जास्त २६ आठवडे, पगाराच्या ५५ टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. बहुतेकांना दीड-दोन महिने तरी घरी राहावं लागतं, अंगमेहनतीचं काम असेल तर अधिक. आई भारतातून मदतीला येणार असेल तर तिच्या व्हिसाला वेळ लागतो. तारीख हातात येताच अर्ज करा.

पुण्या-नागपूरहून विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना ओहिप मिळत नाही. वर्क परमिटवर ऑन्टारिओतल्या एका मालकाकडे किमान सहा महिन्यांचं पूर्णवेळ काम लागलं की ओहिपसाठी अर्ज करता येतो. मधल्या काळात हॉर्मोनच्या तारखांची नोंद आणि औषधांच्या चिठ्ठ्या सांभाळून ठेवा. भारतात सुरू केलेल्या हॉर्मोनचीही कागदपत्रं डॉक्टरला दाखवा, नाहीतर १२ महिने नव्याने मोजायची पाळी येते.