एकदा घातलेले कपडे ठेवायचे कुठे? खुर्ची, खुंटी, स्टँड की कपाट

जीन्स एकदा ऑफिसला घालून झाली. मळलेली नाही, वासही येत नाही, म्हणजे धुवायला टाकण्यासारखं काही झालेलं नाही. पण धुतलेल्या घड्यांवर परत ठेवायला हात धजत नाही. मग ती खुर्चीवर जाते. तिच्यावर दुसऱ्या दिवशी कुर्ता, कुर्त्यावर ओढणी, आणि रविवारी खुर्ची मोकळी करताना सगळंच मशीनमध्ये कोंबलं जातं, न मळलेलंसुद्धा. पाणी, साबण, इस्त्रीचे पैसे आणि कपड्याचं आयुष्य, सगळं त्यात जातं. अशा कपड्यांना घरात ठरलेली जागा हवी हे बहुतेकांना पटतं. अडतं ते ती जागा कोणती, इथे.

जागा निवडताना दोन गोष्टी बघायच्या. तिथे कपड्याला सगळीकडून वारा लागतो का, ही एक. आणि तिथे मावतं किती, ही दुसरी. यात जास्त मावणारी जागा वाईट. जितकं मावेल तितकं साठतं.

आधी चाळणी लावू. घाम मुळात जवळजवळ बिनवासाचा असतो. त्वचेवरचे आणि कपड्यावरचे जिवाणू त्यावर वाढले की वास सुटतो. त्यातही कापडाकापडात फरक आहे. सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा हवेतूनच धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून पॉलिएस्टर पटकन वाळतं. पण अंगाचा तेलकटपणा त्याला चिकटून राहतो आणि वासही त्यासोबत मुक्कामाला राहतो. थोडक्यात, संध्याकाळच्या लोकलमधून आलेला पॉलिएस्टरचा टीशर्ट कितीही कोरडा वाटला तरी थेट धुण्यात. मोजे, आतले कपडे आणि जिमचे कपडे यांच्यावर तर चर्चाच नको. उरतात त्या जीन्स, सुती पँटी, तासा-दोन तासांपुरते घातलेले कुर्ते, जाकिटं, स्वेटर आणि साड्या. पुढचं सगळं यांच्यापुरतं.

दाराआडचा हूक की भिंतीवरचं खुंटाळं

खरी चुरस या दोघांत आहे. दारावर वरून अडकवायची पाच-सहा हुकांची पट्टी काही शे रुपयांत मिळते, भिंतीला भोक पाडावं लागत नाही, म्हणून भाड्याच्या घरात हीच घेतली जाते. घेण्यापूर्वी दोन मापं घ्या: दाराची जाडी, आणि दार बंद असताना चौकट व दार यांच्यातली वरची फट. पट्टीचा वाकवलेला पत्रा त्या फटीतून जायला हवा. पावसाळ्यात लाकडी दार फुगलं की उन्हाळ्यात नीट बसलेली पट्टीही अडकायला लागते आणि दार लावताना प्रत्येक वेळी रंग खरवडते.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. दार दिवसभर उघडं राहतं, म्हणजे कपडे दार आणि भिंत यांच्या बेचक्यात दाबले जातात. तिथे ना वारा ना उजेड. डेंग्यू पसरवणारा एडिस डास विसाव्याला अशाच जागा धरतो: अंधारे कोपरे, पलंगाखालची जागा, लटकत्या कपड्यांची आड. आपल्याकडे दाराआडचे कपडे सप्टेंबरात झटकून बघा, काय उडतं ते.

भिंतीवरचं खुंटाळं, म्हणजे फळीला चार-पाच खुंट्या, हे जुनंच साधन आहे, आणि माझं मत त्यालाच. पंख्याचा वारा पोहोचेल अशा भिंतीवर, बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर ठोकलं, की काम झालं. समोर दिसत असल्यामुळे त्याच्यावर ढीग होऊ देण्याची लाजही वाटते. फक्त खुंटी जाड आणि गोल टोकाची घ्या. बारीक हुकावर टीशर्ट किंवा स्वेटर अडकवला तर खांद्याला शेंडी निघते आणि ती इस्त्रीनेही लवकर बसत नाही. लोखंडी खिळ्याचा गंज पांढऱ्या सदऱ्यावर उतरला तर तो डाग साध्या साबणाने जात नाही, म्हणून खिळा ठोकून काम भागवू नका.

घरमालक भोक पाडू देत नसेल तर चिकटवायचे हूक हा पर्याय सुचवला जातो. ते टाइल, काच किंवा सनमायकावर टिकतात. डिस्टेंपरच्या भिंतीवर नाही. जुलैमध्ये एका रात्री जीन्ससकट खाली येतात आणि रंगाचा पापुद्राही घेऊन येतात. त्यापेक्षा कपाटाच्या बाहेरच्या बाजूला, सनमायकावर लावा.

स्टँड, खुर्ची, टोपली

झाडासारखा फांद्या असलेला उभा स्टँड दुकानात देखणा दिसतो. घरी एकाच बाजूला दोन जीन्स आणि लॅपटॉपची बॅग गेली की कलतो. घ्यायचाच तर बूड जड बघून घ्या आणि कोपऱ्यात ठेवा. आडवी दांडी असलेला स्टँड त्याहून बरा, हँगरला कपडे सुटसुटीत राहतात. पण तो निदान अडीच-तीन फूट जागा खातो, आणि मुंबईच्या वन बीएचकेत ती जागा असती तर हा प्रश्नच आला नसता.

खुर्चीबद्दल काय लिहायचं? पाठीवर एकच कपडा टाकला तर खुर्ची उत्तम आहे. एकावर कुणी थांबत नाही.

टोपली टाळा. आत कपडे बोळा होऊन पडतात, खालचा श्वास कोंडून वास धरतो, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला ती धुण्याचीच टोपली वाटते. वेताची असली तरी तेच. बाथरूमच्या दारामागचा हूक तर सगळ्यात वाईट, अंघोळीची वाफ रोज त्याच कपड्यांत मुरते.

कपाटातला वेगळा कप्पा

नीटनेटक्या माणसांना हाच आवडतो, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात तो चालतोही. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात जून ते सप्टेंबर नाही. घामाचा दमटपणा घेऊन आत गेलेला एक शर्ट बंद कपाटात बुरशीला पुरेसा होतो, आणि बुरशी शेजारच्या चामडी पट्ट्यावर आधी दिसते. कप्पा वापरायचा असेल तर कपडा आधी रात्रभर पंख्याखाली, मग आत. डांबरगोळ्यांचा इथे उपयोग नाही. वासावर वास चढतो, एवढंच.

बाल्कनीतली दोरी हवा देते, पण रस्त्याकडेची असेल तर धूळही देते, आणि कबुतरं आहेतच. तासाभरापुरती ठीक. भर उन्हात गडद रंग विटतात, तेव्हा सावलीची बाजू बघा.

साड्या आणि लोकरीचे कपडे

यांना वरचं काहीच जसंच्या तसं लागू होत नाही. लग्नाला नेसलेली रेशमी साडी प्रत्येक वेळी धुतली जात नाही, दरवेळी ड्रायक्लीनही करू नये. घरी आल्यावर ती सावलीत, दांडीवर किंवा दोरीवर सुती पंचा घालून त्यावर रात्रभर सोडून ठेवायची. सकाळी फॉलची कड बघायची, कारण मांडवातली माती तिथेच असते. कोरड्या मऊ ब्रशने झटकायची. घामाच्या जागी इस्त्री फिरवू नका, डाग पक्का होतो. मग आधीच्या मोडीवर मोड न येईल अशी घडी घालून सुती कापडात. जरीची साडी हँगरला महिनोन्‌महिने लटकवू नये, स्वतःच्याच वजनाने ती ओढली जाते. आणि ब्लाउज साडीच्या घडीत ठेवण्याची सवय मोडा. काखेत घाम असतो, साडीत नसतो. त्याची सोय वेगळी.

जुन्या घरांत सोवळ्याची वलणी, म्हणजे कपडे टाकायची आडवी दांडी, छताजवळ उंच असे. कद नि मुकटा ही पूजेची रेशमी वस्त्रं काठीने चढवून काठीनेच उतरवत. कारण शिवाशिवीचं होतं, ते आज कुणाला नको. पण रेशमाला मोकळी हवा मात्र आपोआप मिळे.

स्वेटर आणि शाली लटकवू नका, लांबतात. घातलेला स्वेटर तसाच ट्रंकेत गेला तर कसर लागते, कारण तिच्या अळीला घामाने, अन्नाच्या शिंतोड्याने मळलेली लोकर जास्त आवडते. थंडीपुरता तो उघड्या फळीवर घडी करून ठेवा, आणि हंगाम संपला की धुऊनच आत.

मग कुणी काय घ्यावं? स्वतःचं घर असेल तर चार खुंट्यांचं खुंटाळं, माणशी दोन खुंट्या. मुलांसाठी वेगळं, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर, म्हणजे गणवेशाची पँट दप्तरावर न पडता वर जाईल. भाड्याच्या घरात किंवा पीजीत, जिथे भिंत आपली नाही, तिथे कपाटाच्या बाहेर दोन चिकट हूक, नाहीतर दाराच्या पट्टीवर एकाआड एक हूक वापरून दार दिवसातून काही वेळ बंद ठेवायचं. जागा असेल आणि घरात ऑफिसचे कडक इस्त्रीचे शर्ट जास्त असतील तरच दांडीचा स्टँड. खुंट्या भरल्या की नवा हूक आणू नका. सगळ्यात जुना कपडा धुण्यात जातो. आणि खुंटीवर चढवण्याआधी खिसे रिकामे करा, सुट्ट्या पैशांनी जीन्सचा खिसा ओघळतो आणि तिकिटाचा लगदा शेवटी मशीनमध्येच सापडतो.