किट लावून दिवस गाठायचा, की दर दोन-तीन दिवसांनी जवळ यायचं?

बाळासाठी प्रयत्न सुरू झाले की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघूनच छातीत धडधडतं. ती धडधड कशाने कमी होते, यासाठी ही तुलना.

ओव्ह्युलेशन किट लघवीतलं एलएच हार्मोन ओळखतं. ते वाढलं की साधारण २४ ते ३६ तासांत अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडतं, त्यालाच ओव्ह्युलेशन म्हणतात. नवरा कामासाठी परगावी असेल, तर ही माहिती सोन्यासारखी. पण किटच्या पट्टीवरची रेघ गडद की फिकी हे रोज उजेडात धरून बघणं, मग नवऱ्याला ‘आज लवकर ये’ असा मेसेज, आणि तो दमून आला की रडू. जवळीक ड्युटी होऊन बसते. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर पट्टी चकवूही शकते.

दुसऱ्या मार्गात मोजणीच नाही. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत जगू शकतात, बीज मात्र जेमतेम २४ तास. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले तर नेमका दिवस सहसा चुकत नाही. पाळी अनियमित असली तरी हे जमतं. अडचण एकच, छोट्या घरात एकांत मिळणं.

पहिले काही महिने मी दुसराच मार्ग सुचवेन. आणि ‘टेन्शन घेऊ नकोस, मग राहील’ असं कुणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका. त्यात दोष उगाच बाईच्या माथी येतो. वर्षभरात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, दिवस गेले नाहीत तर दोघांनीही तपासून घ्या. वीर्यतपासणी सोपी असते, तपासण्यांत ती सगळ्यात आधी करा.