कॉफी रत्नागिरीची, पण कोकणातली नाही

लातूरहून पुण्यात नोकरीला येऊन मला आठ महिने झाले. आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध-साखर भरपूर, वरून जायफळ किसून, आणि तीही कधीतरीच, पाहुणे आले की नाहीतर परीक्षेला रात्री जागायचं असलं की. ती मला अजूनही आवडते, हे आधीच सांगते. पण कोरेगाव पार्कातल्या स्पेशालिटी कॉफीवाल्या, म्हणजे ठरावीक मळ्यांतली निवडक, चांगल्या प्रतीची कॉफी देणाऱ्या कॅफेंमध्ये जायला लागले आणि कळलं की हे प्रकरणच वेगळंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिला अनुभव वाईट होता. एका कॅफेत मेन्यूवर पोर ओव्हर, एअरोप्रेस, कोल्ड ब्रू, काहीच कळेना, काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर "ब्लॅक कॉफी असते मॅम" एवढंच बोलून तो मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला. एका कपाला पावणेतीनशे रुपये घेताय तर दोन वाक्यं नीट सांगायला काय हरकत आहे?

दुसरं कॅफे ऑफिसातल्या मैत्रिणीने दाखवलं, गल्लीत आत, जेमतेम सहा टेबलं. तिथे फळ्यावर लिहिलेलं, रत्नागिरी इस्टेट (म्हणजे कॉफीचा मळा), नॅचरल. मी विचारलं, कोकणात कॉफी कधीपासून व्हायला लागली? बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारा, म्हणाला, "नाही ताई, ही कर्नाटकातली, चिकमगळूरकडची, बाबाबुडनगिरीच्या डोंगरातली. नाव तेवढं रत्नागिरी." म्हणजे तेच डोंगर, जिथे सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणून लावल्या असं सांगतात.

मग त्याने माझ्यासमोरच पोर ओव्हर, म्हणजे वरून पाणी ओतून गाळलेली कॉफी केली. काट्यावर 15 ग्रॅम बिया मोजल्या, तिथेच रव्याइतपत दळल्या, शंकूसारखा कागदी फिल्टर आधी गरम पाण्याने धुऊन घेतला आणि पावडर घालून वर अगदी थोडं पाणी ओतलं. तर ती पावडर चक्क फुगायला लागली, इडलीच्या पिठासारखी, वर बारीक बुडबुडे! भाजताना बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो तो असा बाहेर पडतो म्हणे, कॉफी ताजी भाजलेली असली की मस्त फुगते, जुनी असली की ढिम्म हलत नाही. अर्धा मिनिट थांबून मग गोल गोल बारीक धारेने बाकीचं पाणी, सगळं मिळून 250 मिली, तीनेक मिनिटांत काम झालं.

पहिला घोट आंबट लागला. त्याने सांगितलं, घाई करू नका, जरा निवू दे. आणि खरंच, कोमट झाल्यावर त्यातनं भिजवलेल्या मनुकांसारखी गोडी यायला लागली, साखरेचा कण नसताना. नॅचरलमध्ये फळ सोलत नाहीत, अख्खंच वाळवतात, त्यामुळे ही फळाची चव. वॉश्डमध्ये गर काढून बी धुतात, ती जास्त स्वच्छ लागते.

आंबा घेताना आपण देवगड का रत्नागिरी हे विचारल्याशिवाय पेटीला हात लावत नाही आणि कॉफी मात्र मी इतकी वर्षं बाटलीतली तपकिरी पावडर म्हणून प्यायले, शेजारच्या राज्यातून येते तरी कुठल्या डोंगरातली हे विचारायचं कधी सुचलंच नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता घरीही आणते. ब्लू टोकाईचं अट्टिकन इस्टेटचं पाकीट घेतलं, कंपनी 2013 ला दिल्लीत सुरू झालेली, इस्टेट कर्नाटकातल्याच बिळिगिरीरंगा डोंगरांतली. पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेली असते ते फार आवडलं. ही जरा गडद भाजलेली आहे त्यामुळे दुधातही दबत नाही. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दाबायची जाळी असलेल्या भांड्यात, चार मिनिटं ठेवायची, बास. आई आली तेव्हा तिच्या पद्धतीने जायफळ घालून केली, तिने दुसरा कप मागून घेतला.

तक्रारी आहेतच. ही सगळीच कॅफे महाग, महिन्यातून दोन-तीनदाच परवडतं, आणि शनिवार-रविवारी गाणी इतकी मोठ्याने की शेजारच्याचं ऐकू येत नाही. केकबिक मी तरी घेत नाही, तेवढ्यात वैशाली हॉटेलात दोघींचा नाश्ता होतो.

जायचं तर मधल्या वारी सकाळी जा, गर्दी नसते, काउंटरसमोरच्या स्टुलावरच बसा आणि आज कुठली इस्टेट आहे ते विचारा. मी पुढच्या वेळी वॉश्ड घेणार आहे.